नाही म्हणण्याची ऐपत

गेल्या पावसाळ्यात एका सकाळी आबांचा छोटा हत्ती टेम्पो मजुरांच्या वस्तीवरून रिकामा परत आला. आबा म्हणजे माझे चुलते. कपाशीत गवत गुडघ्याला लागलेलं, तीन दिवसांची उघडीप मिळालेली, पुन्हा पाऊस लागायच्या आत निंदणी उरकायला हवी, आणि गाडीत एकही बाई नाही. ओट्यावर टेकत ते म्हणाले, "आते कोन येस निंदाले? रेशन फुकट भेटस ना!" समोरच्या घरातून लगेच दुजोरा आला, "सरकारनी लोके आयशी करी टाकात." मग चहा झाला आणि त्या मोसमातला ठरलेला विषय दुपारपर्यंत चालला.

आमच्या खानदेशात अमळनेर घ्या, पारोळा घ्या, शिंदखेडा घ्या. आषाढ-श्रावणात कुठल्याही ओट्यावर हे वाक्य ऐकायला मिळतं. मीही वर्षानुवर्षं त्यावर मान डोलावली आहे. घरची अकरा एकर जमीन आणि तालुक्याच्या गावी मास्तरकी, म्हणजे मजुरीचा दर चढला की ज्यांच्या पोटात दुखतं त्यांच्यातलाच मी. त्या दिवशी आबांनी मलाच वस्तीवर पिटाळलं. "तू शिकेल शे, तूच समजाडी दख."

वस्तीवर एक बाई दारात बसून सुपात रेशनचा तांदूळ निवडत होती. वीसेक वर्षं आमच्याकडे कामाला येणारी. मी आबांचा निरोप सांगितला. तिने एक खडा उचलून अंगणात भिरकावला, सूप पुन्हा एकदा पाखडलं आणि म्हणाली, "दोनशेमा नही परवडस, भाऊ. तीनशे देशात तर येसूत." आणि हसली. एवढ्या वर्षांत तिच्या तोंडून भाव मी पहिल्यांदाच ऐकला. तोवर भाव आम्ही सांगायचो, ती पदर खोचून गाडीत बसायची.

परतताना माझ्या डोक्यात तिचं हसू राहिलं होतं. ती आळशी नव्हती. ती घासाघीस करत होती, आणि घासाघीस करायला माणसाच्या पाठीशी काहीतरी असावं लागतं. तिच्या पाठीशी डब्यातले गहू होते. अन्नसुरक्षा म्हणजे नाही म्हणण्याची ऐपत, असं मी तेव्हापासून मानायला लागलो. ज्याच्या घरात पुढच्या महिन्याचं धान्य आहे तो न पटलेल्या मजुरीला, न पटलेल्या व्याजाला, न पटलेल्या मुकादमाला नाही म्हणू शकतो. ज्याच्या घरात ते नाही त्याचं पोट आज भरलेलं असलं तरी तो असुरक्षितच. आबांची तक्रार खोटी नाही. पण ती तक्रार म्हणजे रेशनचं धान्य देणारा अन्नसुरक्षेचा कायदा थोडाफार चालतोय याची पावती आहे, हे त्यांना कोण सांगणार?

'अन्न असुरक्षितता' हा शब्द सरकारी टेबलावर जन्मलेला आहे. खानदेशात तो कुणाच्या तोंडी नाही. १९९६ साली रोमच्या जागतिक अन्न परिषदेत अन्नसुरक्षेची व्याख्या ठरली. तिचा मथितार्थ असा की सर्व माणसांना, सर्व काळ, पुरेसं, सुरक्षित आणि पौष्टिक अन्न मिळवता आलं पाहिजे. ते बाजारात असलं पाहिजे आणि घ्यायची ताकदही असली पाहिजे. या व्याख्येतले दोन शब्द सगळ्यात जड आहेत: सर्व काळ. दिवाळीनंतर कणगी भरलेली असताना कोण सुरक्षित नसतं? प्रश्न भाद्रपदाचा असतो.

सातपुड्यात, नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव-अक्कलकुव्याकडे, यासाठी एक जुना आणि नेमका शब्द आहे. खावटी. खाण्यासाठी घेतलेली उचल. ज्येष्ठात पेरणी होते, गेल्या सालची ज्वारी-मका तळाला गेलेली असते, नवं पीक यायला दिवाळी उजाडते, आणि मधले तीन-चार महिने डोंगरातले रस्ते वाहून गेलेले असतात. त्या दिवसांत घरात दाणा आणायचा तर कुणाकडून तरी उचलून. पूर्वी सावकार धान्य द्यायचा आणि नवं धान्य आलं की सवाईने नाहीतर दिढीने मोजून घ्यायचा. एक पोतं दिलं तर दीड पोतं. सरकारलाही हा शब्द इतका पटला की १९७८ पासून आदिवासींसाठीच्या कर्जयोजनेचं नावच खावटी ठेवलं गेलं. पावसाळ्यात सावकाराच्या दारी जावं लागू नये हा तिचा हेतू. मध्यंतरी ती बंद पडली. करोनाच्या वर्षात ती अनुदान म्हणून परत आली: कुटुंबाला ४००० रुपये, निम्मे खात्यावर, निम्म्यांच्या डाळी, तेल, साखर, मीठ, चहा. शासन निर्णय निघाला २०२० च्या सप्टेंबरात. ज्या महिन्यांसाठी खावटी असते ते महिने सरत आल्यावर.

पण खावटीचा दुसरा अर्थ अधिक शिकवतो. दिवाळी झाली की शहादा, तळोदा, नवापूरकडून ट्रक भरून माणसं गुजरातेत ऊसतोडीला जातात. बारडोलीच्या पट्ट्यात, साखर कारखान्यांवर. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल पावसाळ्यातच घेतलेली असते. फडावर गेल्यावर पंधरवड्याला थोडी ज्वारी आणि थोडे पैसे मिळतात, आणि त्यालाही खावटीच म्हणतात. हंगाम संपल्यावर ही खावटी मजुरीतून वळती होते, तीही दीडपट धरून. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने सत्तरच्या दशकात बारडोलीच्या ऊसतोड मजुरांवर लिहिलं तेव्हा त्याला भेटलेले तोडकरी आपल्या खानदेशातलेच होते. तेव्हापासून आजवर कारखान्यांची यंत्रं बदलली, मजुरांच्या हातात मोबाइल आले, पण खावटी वळती करायची रीत फारशी हललेली नाही.

जरा थांबून पाहिलं तर इथे उपाशी कोण आहे? फडावरचा माणूस रोज भाकर खातो. खाल्ल्याशिवाय ऊस तुटतच नाही. पाहणीवाला आला आणि "काल जेवलात का" असं विचारलं तर उत्तर होयच येईल. पण त्या भाकरीची किंमत त्याने भाद्रपदातच मोजलेली असते: पुढचे सहा महिने कुठे जायचं, कोणासोबत, कोणत्या दराने, आणि पोरांची शाळा सोडून की ठेवून, यातलं काहीही ठरवायचा हक्क त्याने तेव्हाच देऊन टाकलेला असतो. खाणं मिळालं, 'नाही' गेलं.

आणि धान्य नुसतं मागायला गेलं तर काय होऊ शकतं, तेही या मातीने पाहिलं आहे. १९७१ च्या मे महिन्यात शहादा तालुक्यातल्या पाटीलवाडीला धान्य मागायला गेलेल्या आदिवासींवर गोळीबार झाला. त्यानंतर अंबरसिंग सुरतवंतींसारख्यांच्या पुढाकाराने जी चळवळ उभी राहिली, तिच्या मागण्यांमध्ये गेलेल्या जमिनी होत्या तसा मजुरीचा दरही होता. धान्याची भीक नको, दराचा हक्क हवा, हे त्या लोकांना पन्नास वर्षांपूर्वी समजलं होतं. आपण ओट्यावर अजून रेशनवरच अडलो आहोत.

संयुक्त राष्ट्रांची अन्न व कृषी संघटना हल्ली ही असुरक्षितता मोजायला आठ प्रश्न विचारते. गेल्या बारा महिन्यांत, पैशाअभावी किंवा साधनाअभावी, असं असं झालं का? शेवटचा प्रश्न आहे: दिवसभर काहीच न खाता राहावं लागलं का? त्याच्या अलीकडे भूक असून न खाणं, घरातलं अन्न संपणं, कमी खाणं, एक वेळ टाळणं, तेच ते खाणं, चांगलंचुंगलं खाता न येणं. आणि सगळ्यात पहिला प्रश्न पोटाचा नाहीच. तो आहे: आपल्याला पुरेसं खायला मिळणार नाही अशी काळजी वाटली का?

हा क्रम मला फार शहाणपणाचा वाटतो. आपल्याकडे मात्र सगळे वाद आठव्या प्रश्नावर होतात. "आता कोण उपाशी मरतं?" असं म्हणणारा आठवा प्रश्न विचारतोय, आणि त्याचं उत्तर बहुतेक वेळा 'कोणी नाही' असं येतं, देवाची कृपा. पहिला प्रश्न वस्तीवर विचारा. मी विचारला होता. त्या बाईला प्रश्नच कळला नाही. काळजी वाटते का म्हणजे काय? ती तर असतेच, चुलीसारखी.

रेशनचा हिशेब करू. २०१३ चा राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायदा माणशी महिन्याला ५ किलो धान्य देतो. सगळ्यात गरिबांच्या अंत्योदय कार्डावर कुटुंबाला ३५ किलो, मग घरात माणसं तीन असोत की नऊ. आधी तांदूळ ३, गहू २ आणि भरड धान्य १ रुपया किलो होतं. जानेवारी २०२३ पासून ते फुकट आहे, आणि २०२४ पासून पुढची पाच वर्षं फुकट ठेवायचं ठरलं आहे. पाच किलोला तीस दिवसांनी भागलं की दिवसाला १६६ ग्रॅम येतात. आमच्याकडच्या एका भाकरीला ऐंशी-शंभर ग्रॅम पीठ सहज लागतं. म्हणजे ज्या धान्याने लोक आळशी झाले ते दिवसाला जेमतेम दोन भाकरींचं आहे. दिवसभर निंदणाऱ्या बाईला दोन भाकरी न्याहारीलाच लागतात. उरलेल्या भाकरी, डाळ, तेल, मिरची, मीठ, साबण, पोराची वही हे सगळं तिला मजुरीतूनच आणायचं आहे. ती घरी बसून खाऊच शकत नाही. दोन दिवस थांबू शकते, इतकंच. आणि ते दोन दिवससुद्धा आपल्याला खुपतात.

आता दुसरा आरोप: "रेशनचा तांदूळ इकी टाकतस." हो, विकतात. बेकायदा आहे, तरीही विकतात. तराजू घेऊन फिरणारे मोटारसायकलवाले मी स्वतः पाहिलेत. पण त्यामागची गोष्टही पाहावी. खानदेश हा भाकरीचा मुलूख. ज्वारी, बाजरी, दादर म्हणजे रब्बीची ज्वारी, ज्वारी-उडदाचं कळणं, डोंगरात मका आणि नागली. भात इथे सणाला किंवा आजाऱ्याला. गव्हाला तितकी तक्रार नसते, पण तांदूळ घरात साचतो. डाळ आणि तेल कायद्यात नाही; मग साचलेल्या तांदळाचं पाव किलो तेल होतं. ज्याला आपण अफरातफर म्हणतो तो त्या घरातला ताटाचा तोल सांभाळण्याचा प्रकार आहे. (त्यात मध्यंतरी तांदळात पोषणद्रव्यांचे दाणे मिसळून यायला लागले. ते पाण्यात तरंगतात म्हणून 'प्लास्टिकचा तांदूळ' अशी आवई उठली, आणि बाया ते दाणे एकेक करून वेचून फेकू लागल्या. त्या सकाळी सुपातून अंगणात गेलेला खडा खडाच होता का, याची आता मला शंका आहे.) भरड धान्य १ रुपयाने द्यायची सोय कायद्यातच होती. २०२३ हे भरड धान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून साजरं झालं, सरकारी बैठकांतून ज्वारीची बिस्किटं फिरली. ज्वारी ज्यांचं रोजचं खाणं होतं त्यांच्या पिशवीत मात्र बहुतेक महिने तांदूळच पडत राहिला.

आणि ही ज्वारी गेली कुठे? हा प्रश्न आबांनाही विचारला पाहिजे, मलाही. आमच्या आजीच्या घरात दोन कणग्या होत्या, एक ज्वारीची, एक दादरची. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, वर्षाच्या बोलीवर राबणाऱ्या सालदाराचा हिशेब व्हायचा, त्यात पैशांसोबत धान्य असायचं. कापणीच्या मजुरांना मजुरी खळ्यावर दाण्यातच मिळायची. ती पद्धत काही फार न्यायाची नव्हती, मापात मारायचे, शिव्या द्यायचे. पण धान्य गावात पिकायचं आणि गावातच मुरायचं. मग कपाशी वाढली, मका वाढला. ज्वारीला पाखरं राखायला माणूस लागतो, कडब्याला गिऱ्हाईक लागतं, आणि बाजारात तिला भाव नव्हता. एकेक करत सगळ्यांनी सोडली. आता ज्वारी गव्हापेक्षा महाग झाली आहे, आणि अकरा एकरांचा मालक असलेला मी दुकानातून पाच किलोची पिठाची पिशवी आणतो.

कापसाचा हा मोह जुना आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी चालू होती, तिकडचा कापूस बंद झाला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांनी खानदेशाकडे पाहिलं. भाव चढले, कपाशीखालचं रान वाढलं, त्याच दशकात रेल्वे आली. युद्ध संपलं आणि भाव कोसळले. पुढे १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ आला, गुजरातेत ज्याला छपनिया म्हणतात तो. रेल्वेने धान्य आणता येत होतं. घ्यायला कनवटीला काही नव्हतं. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाचा हिशेब मांडून हेच दाखवलं की धान्य असतानाही माणसं मरू शकतात, कारण धान्यावरचा त्यांचा हक्क तुटलेला असतो. ज्याच्याकडे खायचं पीक नाही त्याचं पोट दुसऱ्याने ठरवलेल्या भावावर टांगलेलं असतं.

आमचंही आहे. २०२४-२५ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७५२१ रुपये क्विंटल होता. सरकारी खरेदीला ओलावा ८ ते १२ टक्क्यांत हवा, नोंदणी हवी, नंबर लागायला हवा. आणि आमच्या घरी दसऱ्यालाच किराण्याची उधारी थकलेली, हरभऱ्याचं बियाणं आणायचं, पुतणीची फी भरायची. खेडा खरेदीवाला दारात काटा घेऊन उभा होता. ६८०० ला दिला. आबा रात्री त्याला लुटारू म्हणत राहिले, आणि ते बरोबरच होतं. व्यापाऱ्याला नाही म्हणायची आमची ऐपत नव्हती. मी फक्त एवढंच म्हणतो की आबांना स्वतःच्या बाबतीत जे लख्ख दिसतं ते वस्तीच्या बाबतीत दिसत नाही. आमचा 'नाही' हुकला की क्विंटलमागे सातशे जातात. तिचा हुकला की घरातलं एक ताट कमी होतं.

आणि ते ताट बहुतेक वेळा तिचंच असतं. घरातलं धान्य घरात सारखं वाटलं जातं हा आपला गोड गैरसमज आहे. आधी पुरुष, मग पोरं, मग सासू, आणि मग भांड्याच्या तळाला जे काही उरेल ते. याचा पुरावा सरकारच्याच एका योजनेत आहे. आदिवासी भागात २०१५ पासून अमृत आहार योजना चालते. गरोदरपणाच्या शेवटच्या तिमाहीत आणि बाळंतपणानंतर सहा महिने बाईला अंगणवाडीत दिवसातून एक गरम, पोटभर जेवण. शिधा घरी न देता तिला तिथेच बसवून का जेवू घालायचं? कारण शिधा घरी गेला की तो घराचा होतो, तिचा राहत नाही. ही गोष्ट योजनेच्या रचनेतच मान्य केलेली आहे, कुणी भाषणात बोलत नाही इतकंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. पाच वर्षांखालची कमी वजनाची मुलं राज्यात ३६.१ टक्के होती, आणि नंदुरबार जिल्ह्यात निम्म्याहून जास्त. खानदेशातल्याच जळगाव जिल्ह्यातून केळीच्या गाड्या दिल्लीला जातात. मधलं अंतर तीन-चार तासांचं आहे.

अंगणवाडीतलं हे जेवणही कुणाला मिळतं? गावात असलेल्या बाईला. पोटुशी असताना जी फडावर गेली तिच्या नावापुढे इकडच्या अंगणवाडीत 'स्थलांतरित' असं लिहिलं जातं, आणि तिकडच्या अंगणवाडीला तिचं नावच माहीत नसतं. होळीला ती परत येते, तोवर मूल झालेलं असतं.

रेशनचंही तसंच. महाराष्ट्राचं कार्ड गुजरातेत चालावं याची सुरुवात ऑगस्ट २०१९ मध्येच झाली; कागदावर आज धडगावचा माणूस बारडोलीत धान्य उचलू शकतो. पण फड एका गावाहून दुसऱ्या गावाला हलत असतो, दुकान पाच-सात किलोमीटरवर, दिवस उसात जातो, आणि खावटीची ज्वारी मुकादम झोपडीपर्यंत आणून देतो. हक्काचं धान्य लांब आणि कर्जाचं धान्य दारात, असं असलं की माणूस कुठलं खातो? कार्ड चालायला लागलं एवढ्याने भागत नाही. फडाजवळ हंगामापुरतं दुकान लावायला हवं. कारखान्यांना ऊस तोडायला मजूर लागतात, तर त्यांच्या आवारात रेशनचा काटा का लागू नये?

इथे टेंभलीची आठवण होते. शहादा तालुक्यातल्या या गावात २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातलं पहिलं आधार कार्ड दिलं गेलं, पंतप्रधानांच्या हजेरीत. पंधरा वर्षांत त्या बारा आकड्यांशिवाय नंदुरबारातच काय, देशात कुठेही धान्य मिळणं अवघड झालं. बनावट कार्डं गाळली गेली, चोरी घटली, हे मी नाकारत नाही. कोट्यातलं धान्य रात्री ट्रकने कसं जायचं ते आमच्या पिढीने पाहिलं आहे. पण मशीनला अंगठा लागतो, आणि अंगठा कुणाचा झिजतो? बोंडं वेचणाऱ्याचा, कोयता धरणाऱ्याचा, भांडी घासणाऱ्याचा. माझा पहिल्या झटक्यात लागतो. त्यात डोंगरात नेट नाही, सर्व्हर बंद, आणि अलीकडे कार्डावरच्या प्रत्येक माणसाचं ई-केवायसी. जो सहा महिने फडावर त्याने ते कधी करायचं? आठवडाभर उशिरा मिळालेलं धान्य आणि वेळेवर मिळालेलं धान्य सरकारच्या तक्त्यात सारखंच दिसतं. घरात नाही दिसत. त्या आठवड्यातच उचल घेतली जाते.

म्हणून रेशन किती टन वाटलं यावरून या कायद्याचं यश मोजणं मला पटत नाही. भाद्रपदात किती घरांना मुकादमाकडे जावं लागलं नाही, हे मोजा. नंदुरबारच्या दुर्गम गावांत पावसाळ्याआधी धान्य पोचवून ठेवायची पद्धत आहे. तशीच खावटीची रक्कम ज्येष्ठ संपायच्या आत खात्यावर पडली पाहिजे, कर्ज म्हणून नव्हे आणि सप्टेंबरात तर नव्हेच. तांदळाच्या जागी ज्वारी आणि सोबत डाळ-तेल दिलं तर मोटारसायकलवाल्यांचा धंदा आपोआप बसेल. आणि ती ज्वारी आमच्याकडूनच हमीभावाने घेतली तर निदान दोन एकर मी उद्या ज्वारीखाली आणीन. आबाही आणतील, कुरकुरत. यात पैसा लागतो हे खरं. मजुरी परवडत नाही हेही खरं. मजुरी देऊन कपाशीत काय उरतं हा हिशेब मी दरवर्षी मांडतो आणि दरवर्षी तो चुकतो. पण तो हिशेब व्यापाऱ्याशी, बियाण्याच्या भावाशी, हमीभावाशी मांडायचा आहे. निंदणाऱ्या बाईच्या डब्यातले गहू काढून घेऊन तो जुळवायचा, ही वाट आबांना सोपी वाटते, कारण त्या बाजूला कुणी उलट बोलत नाही.

निंदणीचं शेवटी असं झालं की पावणेतीनशेवर जमलं. तीन दिवसांत बारा बायांनी रान स्वच्छ केलं.

दिवाळीच्या आधी तीच बाई आमच्या ओट्यापाशी आली. दोन महिने मशीन तिचा अंगठा घेत नव्हतं. दुकानदार म्हणाला तालुक्याला जाऊन आधार अपडेट करा. ती दोनदा गेली. एकदा नंबर लागला नाही, एकदा लाइट नव्हती. दोन दिवसांची मजुरी आणि जाण्या-येण्याचं भाडं गेलं. डब्यातले गहू संपले होते. तिला हजार रुपये हवे होते, वेचणीतून कापून घ्या म्हणाली. वेचणीचा दर गावात दहा रुपये किलो चालू होता. आबांनी हजार काढून दिले आणि म्हणाले, आठने वेचशी ते सांग. ती काही बोलली नाही. मी तिथेच बसलो होतो, वह्या तपासत. मीही काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बांधावर काटा टांगला. तिचं गाठोडं एकेचाळीस किलो भरलं. आबांनी एक किलो ओलाव्याचा धरला आणि वहीत चाळीस लिहिले.